तीन वाजताचा वारा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. जिच्याजवळ बोलायला हवं होतं ती आत्या अजून आहे — बीरगांवात, रायपूरच्या कारखान्यांच्या भागात, तिच्या त्याच दोन खोल्यांत — आणि मी महिन्यातून एकदा तिच्यासमोर बसतो, जेवतो आणि उठून येतो. कधी कधी अगदी ओठांशी येतं. मग मी पाणी मागतो.

मराठीत का लिहितोय, ते आधी सांगून टाकतो, कारण त्यातही थोडा भित्रेपणा आहे. मी ज्या ऑफिसात काम करतो तिथं मराठी वाचणारं कुणी नाही. आणि दुसरं — मराठी मला आत्यानंच शिकवली. आमची शाळा हिंदी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे आलो की ती भिंतीवर कोळशानं ‘ळ’ काढून दाखवायची, कारण तो आमच्या शाळेत नव्हता. ती चौथीपर्यंत शिकलेली, भंडाऱ्याकडच्या गावात. आता तिला वाचता येत नाही. अक्षरं डोळ्यांपुढे हलतात म्हणते. म्हणजे मी हे अशा भाषेत लिहितोय, जी वाचून मला कुणी पकडणार नाही. तुम्ही वाचताय, पण तुम्ही मला ओळखत नाही. इतकंच माझं धैर्य.

बाबा अभनपुरला छोट्या, नॅरोगेज गाडीच्या स्टेशनावर पाणी भरायचे. घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नव्हतं. मी बारावी झालो तेव्हा पुढं काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारलाही नाही. सिंधूआत्या — बाबांची मोठी बहीण — बीरगांवाहून आली, माझी ट्रंक स्वतः उचलली आणि बाबांना म्हणाली, "पोट्टा माह्याकडे राहीन. कालेज शिकन. तू काही बोलू नको." तीन वर्षं मी तिच्याकडे राहिलो. तिचे यजमान तिकडच्या एका लोखंडाच्या कारखान्यात होते. मी दुसऱ्या वर्षाला असताना ते गेले. तरी तिनं मला परत पाठवलं नाही. कारखान्यांच्या कडेनं झाडं लावणाऱ्या एका ठेकेदाराकडे ती कामाला लागली. संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या केसांत काळी धूळ असायची, आणि पहिला प्रश्न हाच — "जेवला का रे?"

जेवला का रे. हे लक्षात ठेवा.

मी पदवीधर झालो तेव्हा राज्य नवं होतं आणि राजधानी त्याहून नवी. शहराच्या पलीकडे, शेतांमधून, रुंद रस्ते आखले जात होते — इतके रुंद की एका कडेला उभं राहिलं तर पलीकडचा माणूस उन्हात थरथरताना दिसायचा. झाडं अजून गुडघ्याएवढी. नवीन कामं निघत होती आणि त्या कामांचे अहवाल लिहिणारी छोटी छोटी ऑफिसं निघत होती. अशाच एका ऑफिसात मला जागा मिळाली. आम्ही चौघं आणि साहेब. साहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं, नाही तर तुम्ही दोष तिकडे ढकलाल. त्यांनी मला ठेवून घेतलं, खुर्ची दिली. अभनपुरात बाबा लोकांना सांगायचे — पोरगा राजधानी बांधून राहिला.

माझी एकच गोष्ट कच्ची होती, आणि ती मी सगळ्यांपासून लपवून होतो. इंग्रजी. वाचलेलं कळायचं, लिहायला बसलो की हात थांबायचा. आणि अहवाल तर सगळे इंग्रजीतच लागायचे.

एका हिवाळ्यात साहेबांनी काम दिलं: नव्या राजधानीत उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी उन्हाळ्याचं वेळापत्रक. किती वाजता काम थांबवायचं, किती वाजता पुन्हा सुरू करायचं. सोबत इथलं ऊन कसं वाढत गेलं यावर काही पानं. तसं माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. लहानपणी अभनपुरात अंगणात पाणी मारलं की दिवेलागणीला जमीन गार व्हायची, आम्ही अंगणात झोपायचो. आत्याच्या बीरगांवच्या छतावर मात्र पाणी ओतलं तर वाफ यायची, आणि जेवणं झाल्यावरही पाठीला स्लॅब भाजायचा. हे मी हिंदीत लिहू शकलो असतो, मराठीतही. पण इंग्रजीत? इंग्रजीत मला ‘अंगण’ हा शब्दसुद्धा नीट लिहिता येत नव्हता.

तेव्हा मला एक अहवाल सापडला. पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहराचा — समुद्राकाठच्या त्या शहराचं तापमान वर्षानुवर्षं कसं बदलत गेलं, यावरचा. फार सुंदर लिहिलेला. तिथं दुपार आमच्यासारखी पेटत नाही, पण रात्री गार व्हायच्या बंद झाल्यात. हवा चिकट झालीय. समुद्राचा वारा पूर्वीसारखा वेळेवर येत नाही, तरी दुपार कलताना येतो आणि शहर श्वास घेतं. शेवटी वेळापत्रक होतं. अकराला काम थांबवा. तीनला सुरू करा — तीनला, कारण तोवर समुद्रावरून वारा सुटलेला असतो.

मी तो उतरवून घेतला. शहराचं नाव बदललं, ओळी मागेपुढे केल्या. आणि हे सांगताना मला आजही स्वतःचा राग येतो — मी समुद्राचं वाक्य काढून टाकलं! रायपूरला समुद्र नाही, हे मला माहीत होतं. तेवढी हुशारी होती. वाऱ्याचं वाक्य खोडलं आणि तीनची वेळ तशीच ठेवली.

आमच्याकडे तीन वाजता काय असतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? मी इथंच जन्मलो. मे महिन्यात तीन वाजता इथं कुत्रीसुद्धा नालीतून बाहेर येत नाहीत. दुपारभर तापलेली जमीन तेव्हा खालून मारायला लागते. हे मला ठाऊक होतं — आणि लिहिताना ते आठवलंच नाही. कागदावर इतकं चांगलं इंग्रजी होतं की त्याच्यापुढं मला माझी स्वतःची चामडीही खरी वाटली नाही.

साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "अरे, तुम तो छुपे रुस्तम निकले. इतनी बढ़िया अंग्रेज़ी!" चहा मागवला. मी त्या दिवशी किती खूश होतो, काय सांगू.

ते वेळापत्रक मंजूर झालं. ठेकेदारांना पाठवलं गेलं. त्याआधी तिथं काम करणाऱ्या बाया पहाटे यायच्या आणि ऊन चढलं की घरी जायच्या. राहिलेलं काम असलंच तर दिवस कलल्यावर. आता वरून आलेला कागद म्हणत होता, तीन. ठेकेदार कशाला नाही म्हणतील? आणि त्या ठेकेदारांपैकी एक — तुम्हाला कळलंच असेल — आत्याचा. त्यानं नव्या राजधानीतल्या रस्त्यांच्या मधोमध झाडं लावायचं काम घेतलं होतं. बीरगांवच्या बाया मेटाडोरमध्ये बसून तिकडे जायच्या. आत्या त्यांची पुढारी.

हे मला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण आत्यानंच सांगितलं. हसत सांगितलं. बाया कुरकुर करत होत्या, तीनला काहून, पाचला करा — तर ही त्यांना म्हणाली, "माह्या भाच्यानं लिहिलं हाये ते. शिकलेला पोट्टा हाये, पाहूनच लिहिलं असन ना!" त्यातली एक छत्तीसगढी बाई म्हणाली म्हणे, "हव दीदी, तोर भतीजा ला एक दिन हमर संग भेज ना." एक दिवस त्याला आमच्यासोबत पाठव. आत्याला त्याचं फार हसू आलं होतं. मीही हसलो.

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य — आत्या, चूक झाली, मी साहेबांना सांगून बदलून घेतो. अजून उन्हाळा पुरता चढला नव्हता. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. फक्त साहेबांना कळलं असतं की ते इंग्रजी माझं नाही. मी विचार केला, सांगू. पुढच्या आठवड्यात सांगू. मग एप्रिल गेला.

मे महिन्यात आईनं आंब्याचं लोणचं दिलं होतं, ते पोचवायला मी बीरगांवला गेलो आणि रात्री तिथंच राहिलो. संध्याकाळी छतावर बसलो असताना आत्या स्वतःहून म्हणाली — तक्रार म्हणून नाही, अशीच — "तीनले लई तपते रे बाबू. पाचले नाही करता येत का?"

मी म्हणालो, "आत्या, ते अभ्यास करून ठरवलेलं असतं."

उलट तिलाच वाटलं आपण भलतंच विचारलं. "हो बाप्पा, तुम्हाले जास्त समजते," म्हणाली, आणि माझ्यासाठी चटई झटकायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली आणि दुपारी पडली. साडेतीन-चारच्या सुमारास. हातातला पाण्याचा पाइप तसाच चालू होता, बायांनी तोच तिच्यावर धरला, पण पाणीही तापलेलं. मेटाडोर यायला वेळ लागला. मला ऑफिसात निरोप आला तेव्हा मी पंख्याखाली होतो.

सरकारी दवाखान्यात ती किती तरी दिवस होती. वाचली. पण चालताना तोल जाऊ लागला, तो आजही जातो. बोलताना जीभ जड. हात ताटाकडे नेते तर ताटाच्या बाजूला पडतो. पुन्हा कामावर गेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, हेच ना? चोरी केली, वेळ चुकीची लिहिली, आत्या पडली. हे सांगायला मी इतकी पानं घेतली, असं वाटेल. नाही. एवढंच असतं तर कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. रडत सांगितलं असतं, आणि ऐकणाऱ्यानं पाठीवर हात ठेवला असता — अरे, तू तरुण होतास.

पुढचं ऐका.

दवाखान्यात पहिल्याच संध्याकाळी साहेब आणि ठेकेदार आले. बाहेरच्या ओट्यावर उभे होतो. ठेकेदार घाबरलेला. पुन्हा पुन्हा म्हणत होता, मी तर कागदाप्रमाणेच केलं, वेळ तुमच्याच कागदात आहे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "टाइमिंग में तो कोई गड़बड़ नहीं है ना?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढचा शब्द दिला. "खाली पेट आई होगी. ये लोग बिना खाए निकल आते हैं. तुम तो घर के हो — पूछा?"

मी म्हणालो, "हाँ सर. खाली पेट थी."

झालं. दोघांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, मी पाहिलं. ठेकेदार म्हणाला, "वही तो." डॉक्टरांना तेच सांगितलं गेलं. टोळीतल्या बायांना तेच सांगितलं गेलं. रात्रीपर्यंत साऱ्या पाऱ्यात, म्हणजे तिच्या वस्तीत, तेच — सिंधूबाई उपाशी गेली होती.

हे पहिलं खोटं मी भीतीनं बोललो. समोर दोन माणसं होती, नोकरी होती, बाबांचं ते ‘राजधानी बांधून राहिला’ होतं. पण दुसऱ्या खोट्याच्या वेळी खोलीत कुणी नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी तिला नीट शुद्ध आली. तो अख्खा दिवस तिच्या डोक्यातून पुसला गेला होता. तिची मुलगी मंदा दुर्गला सासरी. ती आली होती, पण औषध आणायला खाली गेली होती. आत्यानं मला जवळ बोलावलं. एकेक शब्द ओढत विचारलं —

"मले काही आठवून नाही राहिलं रे बाबू. सारे म्हणतात मी उपाशी गेली. तू होता ना घरी? मी खाल्लं होतं का सकाळी?"

तिनं मलाच विचारलं. जगात दुसरं कुणी सांगू शकणारं नव्हतं. त्या सकाळी त्या घरात आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "नाही आत्या. तू घाईत होतीस."

का? सांगा ना मला, का? तिनं कुठं जाऊन काय केलं असतं? तिला कळलं असतं की ती खाऊन गेली होती, तर ती ठेकेदाराशी भांडायला उठणार होती का? उठून बसता येत नव्हतं तिला. आणि मी विचार करून पाहिलाय, पुष्कळदा. बाहेर एक गोष्ट सांगितली होती, आत दुसरी कशी सांगणार — इतकंच होतं. दोन ठिकाणी दोन गोष्टी ठेवणं मला अवघड वाटलं. सोयीचं नव्हतं.

तिनं डोळे मिटले. तशीच म्हणाली, "मी चुकली रे. तुह्या लिहिलेल्याले लोक नावं ठेवतीन. माह्यामुळं तुले साहेबापुढं खाली पाहावं लागलं."

मी तिचा हात धरून बसलो. हो, हातही धरला.

तेव्हापासून ती स्वतःची गोष्ट सांगते. उन्हाळा लागला की दारात खुर्ची टाकून बसते आणि कामाला जाणाऱ्या बायांना, शाळेत जाणाऱ्या पोरींना थांबवते. जड जिभेनं विचारते, खाऊन निघाली का. "माह्याकडे पाहा," म्हणते. "उपाशी गेली मी. माह्याच हातानं झालं." लोक तिला मान देतात. आया पोरांना तिच्याकडे बोट दाखवून सांगतात. मंदा आता तिच्याजवळच राहते, ती तर अजून तिला चिडून बोलते — "कितनी बार बोला था मम्मी, खाके जाया करो!" आत्या मान खाली घालते. मी तिथं बसलेला असतो. मी मंदाला एकदाही गप्प केलं नाही.

ती तीनची वेळ पुढेही काही उन्हाळे तशीच चालली. आणखी बाया पडल्या असतील — मी चौकशी केली नाही. आमच्याकडून दुसऱ्या एका शहरानं ते वेळापत्रक मागून नेलं, तेव्हा साहेबांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. कधीतरी कुणीतरी तीनचे पाच केले. मी नाही. मला बढती मिळाली.

मागे एकदा बायको आणि मुलांना घेऊन त्या किनाऱ्यावरच्या शहरात गेलो. हट्टानं तिथंच गेलो. का, ते बायकोला सांगितलं नाही. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता. दुपारी सगळी खोलीत झोपली होती. मी एकटा वाळूवर जाऊन उभा राहिलो. उकडत होतं, सदरा पाठीला चिकटला होता. तीनच्या थोडं आधी पाण्याकडून वारा आला — आधी कानाला लागला, मग सदऱ्यात शिरला. कोळ्यांची पोरं लगेच खेळायला बाहेर आली. बाया टोपल्या घेऊन निघाल्या. लिहिणाऱ्यानं अगदी बरोबर लिहिलं होतं. त्याच्या शहरासाठी. मला वाटलं होतं तिथं मला रडू येईल. नाही आलं. बरं वाटलं, गार वाटलं. आणि मी तो वारा अंगावर घेत बराच वेळ उभा राहिलो.

आता मी बीरगांवला जातो तेव्हा आत्या मला सगळ्यात आधी बासी देते. बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्याशी खायचा; इथं उन्हाळ्यात सगळे खातात, अंगात गारवा राहतो म्हणून. तिचा हात थरथरतो, निम्मं पाणी सांडतं, मंदा चिडते, पण वाढायचं तिनंच. समोर बसते आणि मी शेवटचं शीत खाईपर्यंत माझ्या ताटावरून नजर हलवत नाही. "पोटभर खाऊन जा," म्हणते. "नाही तर माह्यासारखं होईन."

मी खातो.

त्या सकाळी तिनं दोन कटोरे बासी खाल्ली होती. आईनं पाठवलेलं नवं लोणचं तिनंच उघडलं, एक फोड माझ्या कटोऱ्यात टाकली, एक स्वतःच्या. कांदा मुठीनं फोडला. दुसऱ्यांदा भात घेताना हसून म्हणाली, लोणचं जमलं हाये वहिनीले. मग उरलेलं पाणीसुद्धा कटोरा तोंडाला लावून प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि मेटाडोरचा हॉर्न वाजला तशी निघाली.

आत्या उपाशी गेली नव्हती.